जास्तीची करंजी

दिवाळी जवळ आली आणि घरात तळणीचा वास सुटला, की मला एक जुना खटला आठवतो. खटला तसा क्षुल्लक, आणि त्याला आता पस्तीस वर्षे उलटून गेली. वादी तीन, वादातली मालमत्ता एक करंजी, आणि न्यायाधीश आमची आई.

त्याचे असे झाले. वडिलांचा पगार बेताचा आणि दिवाळीला येणाऱ्याजाणाऱ्यांचा राबता मोठा. त्यामुळे फराळाचे डबे भरून फळीवर गेले की ते पाहुण्यांचे आणि शेजाऱ्यांचे झाले, असा आईचा कायदा होता. घरच्यांसाठी उरायच्या त्या तळताना फुटलेल्या करंज्या, तुटक्या चकल्या आणि डब्याच्या तळाचा चिवडा. त्या वर्षी फुटलेल्या करंज्या दहा निघाल्या. आईने त्या ताटलीत घालून आमच्यापुढे सरकवल्या. दादा, ताई आणि मी. प्रत्येकी तीन वाटून झाल्या आणि ताटलीत एक करंजी उरली.

दादा म्हणाला, "मला चार दिवस ताप होता. मी चकली चाखलीसुद्धा नाही. ती मला."

ताई म्हणाली, "पाऱ्या मी लाटल्या. कातण्याने कडा मी कापल्या."

मी काही केलेले नव्हते आणि मला तापही आलेला नव्हता. म्हणून मी म्हणालो, "मला करंजी सगळ्यांपेक्षा जास्त आवडते!" आणि हा मुद्दा कमजोर आहे हे ध्यानात आल्यामुळे लगेच भोकाड पसरले.

आईने एकदा माझ्याकडे आणि एकदा ताईकडे पाहिले. ताई म्हणाली, "मला नको. त्याला दे." मी ती करंजी खाल्ली आणि खटला निकालात निघाला.

पुढे पुष्कळ वर्षांनी अमर्त्य सेन यांचा न्यायविचारावरचा ग्रंथ वाचताना मी चमकलो. ग्रंथ २००९ सालचा. त्यात सेनांनी एक गोष्ट घातली आहे. तीन मुले आणि एक बासरी. एक मुलगी म्हणते, मला वाजवता येते, म्हणून बासरी माझी. दुसरा म्हणतो, मी गरीब, माझ्याजवळ खेळायला दुसरे काहीच नाही, म्हणून माझी. तिसरी म्हणते, महिनोन्महिने राबून ती मी घडवली, म्हणून माझी. सेनांचे म्हणणे असे की, यांपैकी कुणाचीही बाजू खोटी नाही. उपयोग, गरज आणि कष्ट ही तीन वेगवेगळी मापे आहेत, आणि तीनही शहाण्या माणसांना पटतील अशी आहेत. मला वाटले, सेनांनी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावून तर पाहिले नसेल ना? फरक एवढाच, की त्यांच्या गोष्टीतली बासरी करणारी मुलगी आपला हक्क सांगत राहते. आमच्या घरातल्या करंजी करणारीने तो आपण होऊन सोडला.

हा खटला यंदा नुसता आठवला असे नाही. त्याने माझी झोप घालवली. कारण सांगतो.

आमचे एक जुने घर आहे. तालुक्याच्या गावी, आजोबांनी बांधलेले. पुढे ओसरी, मागे विहीर. वडील आधीच गेले होते. आई गेल्यावर वर्षाने, २०१७ साली, आम्ही तिघे दुय्यम निबंधकांच्या कचेरीत गेलो आणि ताईने हक्कसोडपत्रावर सही केली. हा शब्द महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तिचा फोटो काढला गेला, अंगठा यंत्रावर ठेवला गेला. कारकुनाने मान वर न करता विचारले, "स्वखुशीने करता ना, बाई?" ताई म्हणाली, "हो." मग आम्ही समोरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. बिल ताईनेच दिले.

त्या दिवशी माझ्या मनाला काही टोचले नाही, हे कबूल केले पाहिजे. टोचू नये म्हणून लागणारी कारणे माझ्याजवळ तयार होती. ताईच्या लग्नात वडिलांनी कर्ज काढले होते. तिचे सासरचे बरे आहे. आईवडिलांच्या अखेरच्या दुखण्यात सगळी उस्तवार दादाने केली. दर पावसाळ्याआधी घर शाकारले तेही त्यानेच. आणि माझ्या डोक्यावर शहरातल्या दोन खोल्यांचे कर्ज. म्हणजे पुन्हा तेच! दादाचे कष्ट आणि माझी गरज. ताईचे काय? ताईने 'मला नको' म्हटले होते. तेवढे आम्हांला पुरले.

यंदा श्रावणात दादाचा फोन आला. घराला गिऱ्हाईक आले आहे, किंमत चांगली येते आहे. तो म्हणाला, "ये एकदा. दोघं बसून ठरवू."

'दोघं' हा शब्द मी शंभर वेळा ऐकला असेन. पण त्या रात्री तो कानात राहिला.

आता थोडे विषयांतर वाटेल, पण ते विषयांतर नव्हे. आमच्या प्राध्यापक-कक्षात मानसशास्त्राच्या एक बाई बसतात. त्यांना सहकाऱ्यांवर प्रयोग करण्याची खोड आहे. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "सर, समजा मी तुम्हांला हजार रुपये दिले. त्यांतले काही तुम्ही या इतिहासाच्या सरांना द्यायचे. किती, ते तुमचं तुम्ही ठरवा. त्यांनी घेतले तर ज्याचे त्याला. त्यांनी नाकारले तर दोघांनाही काही नाही. किती द्याल?"

मी मनाशी तीनशे धरले होते. पण इतिहासाचे सर माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते, ती पाहून 'चारशे' म्हणालो. चहा घेऊन आलेले आमचे शिपाईमामा मधेच बोलले, "निम्मे द्या अन् मोकळं व्हा, सर. पैसे एकदाच मिळायचे. तोंड रोज बघायचं असतं."

बाई खूश झाल्या. मामांनी एका वाक्यात जे सांगितले, ते शोधून काढायला विद्वानांना पुष्कळ हिंडावे लागले होते. हा खेळ १९८२ मध्ये वेर्नर ग्युट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत मांडला. कोरडे अर्थशास्त्र सांगते की, समोरच्याला एक रुपया देऊ केला तरी त्याने तो घ्यावा. शून्यापेक्षा एक बरा. माणसे तसे वागत नाहीत. शहरांतून, विद्यापीठांतून हा खेळ जिथे जिथे खेळला गेला, तिथे बहुतेक देणारे चाळीस ते पन्नास टक्के देतात. आणि पाचव्या हिश्श्याहूनही कमी देऊ केले, तर घेणाऱ्यांपैकी पुष्कळ जण ते झिडकारतात. पदरचे नुकसान पत्करतील, पण अपमान गिळणार नाहीत. आपल्याकडे गावोगावच्या भाऊबंदक्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला याचे नवल वाटू नये. बांधाच्या हातभर जमिनीपायी दोन्ही भावांनी वकिलाचे घर भरल्याची उदाहरणे प्रत्येकाला ठाऊक असतात.

खरी मौज पुढे आहे. विद्यापीठांतली माणसे म्हणजे सगळी मानवजात, असे धरून चालणे बरे नव्हे, हे जोसेफ हेन्रिक नावाच्या अमेरिकन अभ्यासकाच्या ध्यानात आले. १९९०-२००० या दशकाच्या मध्याला तो पेरूच्या जंगलात माचिगेंगा लोकांकडे गेला आणि तोच खेळ त्याने तिथे मांडला. ही माणसे कुटुंबापुरती शेती करणारी, परक्यांशी देवघेव फारशी नसलेली. त्यांनी सरासरीने चौथा हिस्सा देऊ केला आणि घेणाऱ्यांनी तो बिनतक्रार घेतला. अपमान वगैरे काही नाही! देणारा होण्याचे नशीब आपले नव्हते, एवढेच त्यांना वाटले.

मग अभ्यासकांची एक तुकडीच निघाली. बारा देशांतल्या पंधरा लहान समाजांत त्यांनी हा खेळ खेळवला आणि २००१ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. इंडोनेशियात लामालेरा नावाचे गाव आहे. तिथले लोक होड्यांतून समुद्रात जाऊन व्हेल मारतात. ते काम एकट्यादुकट्याचे नव्हेच; आणलेल्या माशाचा कोणता भाग कुणाचा हे तिथे परंपरेने ठरलेले आहे. त्यांनी सरासरीने निम्म्याहूनही अधिक देऊ केले. पापुआ न्यू गिनीतल्या आउ आणि ग्नाऊ या लोकांत तर आक्रीत घडले. तिथे निम्म्याहून अधिक देऊ करणारे निघाले आणि ते नाकारणारेही निघाले! कारण त्या समाजात मोठी देणगी घेणे म्हणजे देणाऱ्याचे मिंधे होणे. आज घेतले की उद्या त्याच्या हाकेला ओ द्यावी लागते. त्यापेक्षा ते नकोच.

अभ्यासकांना एक सूत्र दिसले. ज्या समाजात परक्यांशी देवघेव अधिक आणि एकमेकांच्या मदतीवाचून पोट भरत नाही, तिथली वाटणी निम्म्याच्या जवळ जाते. म्हणजे न्यायाची जाणीव सगळीकडे आहे. पण कुणाला किती दिले म्हणजे न्याय झाला, याचे माप ज्या त्या समाजाच्या रोजच्या जगण्यात घडत असते. आमच्या मामांनी तोंड रोज पाहावे लागण्याची जी गोष्ट सांगितली, ती हीच.

१९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिवाळीला शोभेल असा प्रश्न होता. दोन नोकर आहेत. एक कामाला फार चांगला आणि खाऊनपिऊन सुखी. दुसऱ्याचे काम बेताचे, पण घरी ओढाताण. मालकाने बक्षिसाची रक्कम कशी वाटावी? अमेरिकेतल्या लोकांचा कल चांगल्या कामाकडे अधिक होता. भारतातल्या लोकांचा कल गरजेकडे होता. आपल्या एकत्र कुटुंबात वाढलेल्या मनाला यात वावगे वाटत नाही. पण एखाद्या कचेरीत दोन्ही मापांची माणसे शेजारीशेजारी बसली, तर बोनसच्या दिवशी काय होते ते सांगायला नको. प्रत्येकाला वाटते, आपण न्यायाची बाजू घेतली आहे आणि समोरचा लबाडी करतो आहे. खरे तर दोघेही न्यायाचीच बाजू घेत असतात. फक्त एक गजाने मोजत असतो आणि दुसरा मीटरने.

आणि मापे बदलायला परदेशी जायचीही गरज नाही. आपल्याच देशात मिताक्षरा म्हणते, मुलाचा वडिलोपार्जित मिळकतीवरचा हक्क जन्माबरोबर येतो; बंगालचा दायभाग म्हणतो, बाप हयात असेपर्यंत नाही. केरळच्या नायर घराण्यांत मिळकत आईच्या वंशाकडून चाले. ती पद्धत १९७५ च्या कायद्याने संपली. मेघालयातल्या खासी लोकांत राहते घर धाकट्या मुलीकडे जाते, आणि आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारीही तिचीच असते. आमच्या शेजारी, गोव्यात, पोर्तुगिजांच्या १८६७ च्या संहितेपासून मुलगा आणि मुलगी वाटणीत सारखी. तिथे बापालाही निम्म्याहून अधिक मिळकत मनाला येईल त्याला लिहून देता येत नाही.

मी एकदा गंमत म्हणून मांडून पाहिले. आम्ही खासी असतो, तर घर सबंध ताईचे झाले असते. नायर असतो, तर ते तिच्या मुलांकडे चालत गेले असते. गोव्यात तिला तिसरा हिस्सा मिळाला असता. बरे, महाराष्ट्रात तरी कायदा तिच्या विरुद्ध आहे का? तोही नाही. १९५६ च्या कायद्याने बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीला वाटा दिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीतही मुलांच्या बरोबरीने आणले. २००५ मध्ये केंद्राने तेच साऱ्या देशासाठी केले. आणि हा हक्क तिला जन्मानेच आहे, तेव्हा बाप हयात होता की नव्हता हे पाहण्याचे कारण नाही, असे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले. म्हणजे देशाच्या चारही दिशांना ताईचा काही ना काही वाटा निघत होता. तो शून्य झाला तो फक्त आमच्या ओसरीवर.

पण हे कायद्याचे झाले. मनाचे काय? बाईंनी मला आणखी दोन प्रयोग सांगितले, आणि खरे तर त्यांनीच माझी पंचाईत केली.

पहिला माकडांचा. २००३ मध्ये सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांनी तो प्रसिद्ध केला. कापुचिन जातीच्या माकडाने हातातला खडा परत केला की त्याला काकडीची फोड मिळे, आणि ते आनंदाने खाई. मग शेजारच्या माकडाला त्याच कामासाठी द्राक्ष द्यायला सुरुवात केली. ते पाहिल्यावर पुष्कळदा पहिले माकड काकडी घेईना. कधी तर त्याने ती फेकून दिली. या प्रयोगाचा अर्थ काय लावायचा यावर पुढे वाद झाले, पण ते दृश्य ज्याने पाहिले तो हसल्यावाचून राहत नाही. मीही हसलो. मग माझ्या लक्षात आले की, सगळे जण काकडी फेकणाऱ्या माकडाकडे पाहतात. द्राक्ष मिळालेल्या माकडाकडे कोणीच पाहत नाही. ते निमूटपणे खात असते.

दुसरा प्रयोग मुलांचा. सात देशांत तो झाला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत भारतही होता. चार ते पंधरा वर्षांच्या मुलांच्या आठशे सहासष्ट जोड्या. दोन मुले समोरासमोर, आणि एकाच्या हाती दोन दांडे. हिरवा ओढला तर ठरल्याप्रमाणे खाऊ दोघांना. लाल ओढला तर कुणालाच नाही. समोरच्याला चार आणि आपल्याला एक असे असले, की सातही देशांतली मुले कधी ना कधी लाल दांडा ओढू लागतात; कुठे लहान वयात, कुठे जरा उशिरा. आपल्याला कमी पडले हे सगळ्या मुलांना कळते. पण आपल्याला चार आणि समोरच्याला एक असे असले तर? आपल्याला जास्त मिळते आहे म्हणून दांडा ओढणारी मुले फक्त तीन देशांत आढळली: अमेरिका, कॅनडा आणि युगांडा. तीही वयाने मोठी झालेली. भारत त्या तिघांत नव्हता.

याचा अर्थ आपली मुले हावरट आहेत असा नव्हे. ती घरी वाटून खातात, पाहुण्याला आधी देतात, हे आपण रोज पाहतो. जास्तीचे नाकारणे हा न्यायाचा एकच प्रकार झाला, सगळा न्याय नव्हे. पण मला त्यातून जे दिसले ते असे: कमी मिळाल्याची कळ माणसाला बहुधा शिकवावी लागत नाही, जास्त मिळाल्याची कळ मात्र शिकवावी लागते. ती शिकवणारे कुणी भेटले नाही, तर चाळिशी ओलांडली तरी येत नाही.

माझ्या वर्गातलीच गोष्ट घ्या. मी मराठी शिकवतो. उत्तरपत्रिकेत कुणी 'पानी' लिहिले, 'मी गेलतो' लिहिले, की मी गुण कापतो. नियम सर्वांना सारखा आहे, याचा मला अभिमान होता. एकदा दूरच्या खेड्यातून आलेला एक मुलगा पेपर घेऊन आला आणि म्हणाला, "सर, आमच्या घरी असंच बोलतात." मी त्याला प्रमाणभाषेवर एक लहानसे व्याख्यान दिले. तो "हो सर" म्हणून गेला. मग माझ्या मनात आले, हा नियम ज्या बोलीतून निघाला ती माझ्या आईची बोली आहे. मला जे अंगणात खेळता खेळता मिळाले, ते या मुलाला घासून मिळवायचे आहे. आणि शर्यत संपल्यावर आम्हां दोघांना एकाच फीतीने मोजणारा मीच. मी अजूनही शुद्धलेखनाचे गुण कापतो, कारण पुढच्या परीक्षक मंडळींशी त्याची गाठ आहे. पण तेव्हापासून अशा मुलांना आठवड्यातून एक तास वेगळा बसवून शिकवतो. त्याला उपकार म्हणवत नाही. माझ्या ताटलीत न मागता जास्तीची पडलेली करंजी होती. तिचा तुकडा मोडून देतो, इतकेच.

वर्गात हे शहाणपण सुचले. घरात सुचायला दादाचा फोन यावा लागला.

मी बाईंना विचारले, "कमी मिळाल्याची तक्रार माकडही करतं. मग आमच्या ताईने का केली नाही?" बाई म्हणाल्या, "त्यांना कळलं नसेल असं तुम्हांला वाटतं?" मला आउ आणि ग्नाऊ लोक आठवले. घेतले तर काय गमवावे लागेल, याचा हिशेब करून नाही म्हणणारी माणसे. आपल्याकडे बहिणीने वाटा घेतला की काय होते, हे ओसरीवर कुणी बोलून दाखवत नाही. पण प्रत्येक मुलीला ते ठाऊक असते. वाटा घेतला की माहेर तुटते. भाऊबीजेला यायचे की घराचा तिसरा हिस्सा घ्यायचा, अशी ती निवड असते. आणि आम्ही भाऊ मात्र समजतो की, तिने मोठ्या मनाने सोडले. मोठे मन तिचे खरेच असेल. पण मन मोठे करण्याची पाळी दर वेळी तिच्यावरच का यावी, हा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारला नाही.

शेवटी मी ताईला फोन केला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर घराचा विषय काढला. म्हणालो, "ताई, त्या वेळी तुला खरंच नको होता का गं वाटा?"

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग ती म्हणाली, "त्या कचेरीतल्या माणसाने मला विचारलं होतं, स्वखुशीने करता ना, म्हणून. तुम्ही दोघांनी नाही विचारलं."

मी काय बोलणार?

"विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?"

"कुणाला ठाऊक? नको असंच म्हणालेही असते. पण ते मग मी दिलेलं झालं असतं. तुम्ही घेतलेलं झालं नसतं." आणि लगेच, "दादाशी भांडू नकोस हं. त्याने आईचं पुष्कळ केलंय."

ती खोटे बोलली नाही. दादाने खरेच पुष्कळ केले आहे. म्हणून मी भांडलो नाही. गावी गेलो, ओसरीवर बसलो आणि हिशेब मांडला. ताईचा तिसरा हिस्सा दोघांत गेला, म्हणजे माझ्याकडे आलेला तिचा वाटा सबंध घराचा सहावा हिस्सा. तो मी तिला परत देणार आहे. नोंदवलेले हक्कसोडपत्र आता मागे फिरत नाही, पण माझ्या हिश्श्यातून बक्षीसपत्र करून देता येते. कागदाला 'बक्षीस' म्हणावे लागेल, याचेच मला वाईट वाटते. दादाला म्हटले, "तुझ्याकडच्या सहाव्या हिश्श्याचं तू ठरव. तुझे कष्ट मोजायचे असतील तर मोजू, वर उचलून वेगळे देऊ. पण मोजायला तिघं बसू." दादा काही बोलला नाही. विहिरीकडे बघत राहिला. निघताना त्याने विचारले, "तिने मागितला?" मी म्हटले, "नाही." तो म्हणाला, "मग?" या 'मग'चे उत्तर मला तिथे नीट देता आले नाही. हा लेख म्हणजे बहुधा ते उत्तर आहे.

आणि लिहिता लिहिता एक गोष्ट आज ध्यानात आली. ती इतक्या वर्षांत कशी आली नाही, याचे नवल वाटते. त्या दहा करंज्या आई 'घरच्यांसाठी' ठेवत असे. आम्ही घरात माणसे किती? वडील, आई, दादा, ताई आणि मी. दहा भागिले पाच. प्रत्येकी दोन. बाकी शून्य.

जास्तीची करंजी त्या ताटलीत नव्हतीच. दोघांना मोजले नव्हते, म्हणून ती उरली होती.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा भाऊबीज अगदी तोंडावर आलेली असेल. दरवर्षीप्रमाणे ताई येणार आहे. दादालाही बोलावले आहे. येतो म्हणालेला नाही, पण नाहीही म्हणालेला नाही. मी गिऱ्हाइकाला सध्या थांबायला सांगितले आहे. आणि घरात सांगून ठेवले आहे, की यंदा करंज्या वाटायला बसण्याआधी माणसे मोजायची.